जुन्या रेडिओचा आवाज फाटतो तेव्हा

गणपती जवळ आले की महाड-पोलादपूरकडच्या घरांत माळे झाडायला निघतात. चाकरमानी मुंबईहून येण्याआधी पाट, समया, मखराचे सामान खाली उतरते. काही घरांत त्याबरोबर आजोबांच्या काळातला लाकडी पेटीचा रेडिओही उतरतो. नातवाच्या मनात येते, हा चालू होईल का? कापडाने पुसून, वायरला नवी पिन लावून बटण फिरवले जाते. डायलमागचा दिवा लागतो, अर्ध्या मिनिटात व्हॉल्व्ह तापतात आणि खरोखरच आवाज येतो. घरातले सगळे गोळा होतात. मग दहा-पंधरा मिनिटांत तो आवाज घोगरा होऊ लागतो, निवेदकाच्या तोंडात रुमाल कोंबल्यासारखा येतो आणि गाण्याची उंच पट्टी लागली की कापड टरकावे तसा फाटतो.

इथून पुढे सल्ले सुरू होतात. एक जण म्हणतो व्हॉल्व्ह गेला, दुसरा म्हणतो स्पीकर बदला, तिसरा पेचकस घेऊन मागचा पुठ्ठाच काढतो. डॉक्टरांकडे ताप घेऊन आलेल्या रोग्याला तपासणीआधीच चार गोळ्या द्याव्यात, तसा हा प्रकार. ताप हा आजार नसून लक्षण आहे, हे आता घरोघरी ठाऊक असते. फाटका आवाजही तसेच लक्षण आहे. त्यामागे पाच-सात वेगवेगळी कारणे असू शकतात. काही कारणे रेडिओत असतात, एक आकाशात असते आणि एक ऐकणाऱ्याच्या कानात. शिवाय ती शोधताना जीवावर बेतू शकते. म्हणून क्रम महत्त्वाचा.

हे रेडिओ आले कुठून?

१९२७ च्या मार्च महिन्यात महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईचे रेडिओ केंद्र सुरू झाले. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या डोंगराळ टोकाला रेडिओ पोहोचायला मात्र पुढची बरीच वर्षे लागली. गिरणीत, गोदीत किंवा कचेरीत नोकरी करणाऱ्या माणसाने पैसे साठवून घेतलेला सेट एसटीच्या टपावरून गावी यायचा. रेडिओसाठी पोस्टातून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी त्याची फी भरावी लागे. मर्फीचे सेट ठाण्यात, फिलिप्सचे पुण्याजवळ तयार होत. पुढे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाल्यावर गाण्यांची ओढ वाढली. ज्या वाड्यांवर वीज नव्हती तिथे नव्वद व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे वेगळे व्हॉल्व्ह-सेट असत. नंतर ट्रान्झिस्टर स्वस्त झाला आणि लाकडी पेट्या माळ्यावर गेल्या.

म्हणजे आज माळ्यावरून उतरणारा सेट साठ-सत्तर वर्षांचा आहे. त्यातले निम्मे आयुष्य त्याने न चालता, कोकणच्या पावसाळी हवेत काढले आहे. त्याच्या दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते.

आधी माहिती घ्यावी

रोग्याला हात लावण्याआधी डॉक्टर विचारतो: कधीपासून, कशाने वाढते, कशाने कमी होते? रेडिओलाही हेच प्रश्न विचारता येतात आणि पेटी न उघडता अर्धे निदान होते.

सुरुवातीला आवाज स्वच्छ असतो आणि तापल्यावर फाटतो का? तसे असेल तर संशय गळक्या कंडेन्सरवर किंवा थकलेल्या आउटपुट व्हॉल्व्हवर जातो. अगदी लहान आवाजातही घासल्यासारखी खरखर येते का? मग आधी स्पीकर पाहावा. जवळचे, जोरात लागणारे केंद्र फाटते आणि दूरचे क्षीण केंद्र मात्र स्वच्छ येते का? तर आवाजाची पातळी आपोआप सांभाळणाऱ्या भागात, म्हणजे एव्हीसीत बिघाड असण्याची शक्यता मोठी. आवाजाबरोबर सतत ‘हुंऽऽ’ अशी गुणगुण आहे का? मग वीजपुरवठा गाळणारा मोठा कंडेन्सर सुकलेला असू शकतो. काटा केंद्राच्या जरा बाजूला सरकला तरी आवाज चिरका होतो. म्हणून डायल नीट मधोमध लावून पाहणे ही पहिली आणि बिनखर्चाची तपासणी.

आणखी एक प्रश्न हमखास विसरला जातो. दिवसा ठीक आणि फक्त रात्रीच फाटतो का?

दोष आकाशाचा असेल तर

महाड मुंबईपासून सरळ रेषेत सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर आहे. मध्यम लहरींचे प्रक्षेपण दिवसा जमिनीला धरून येते. वातावरणाच्या वरच्या भागात विद्युतभारित कणांचे थर आहेत. त्यातला सर्वांत खालचा थर सूर्यप्रकाशामुळे टिकतो आणि वर जाणाऱ्या मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो. मग त्याच केंद्राच्या लहरी वरच्या थरावर आपटून परत खाली येतात. जमिनीवरून आलेली आणि आकाशातून परतलेली अशा दोन लहरी एकाच एरियलवर येतात. त्यांनी कापलेले अंतर वेगळे असल्याने त्या कधी एकमेकींना बळ देतात, कधी एकमेकींना खोडतात. मूळ वाहक लहर खोडली गेली आणि तिच्यावरचा आवाजाचा भाग शिल्लक राहिला की रेडिओला तो नीट उलगडता येत नाही. आवाज काही सेकंद विचित्र फाटतो, मग पुन्हा सुधारतो.

केंद्रापासून शंभर-दोनशे किलोमीटरच्या पट्ट्यात हा त्रास जास्त जाणवतो आणि महाड-पोलादपूर नेमके त्या पट्ट्यात आहे. पुणे सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटर, पण मध्ये सह्याद्रीची भिंत. त्यामुळे दरीतल्या घराला जमिनीवरून येणारी लहर आधीच क्षीण मिळते. याची परीक्षा सोपी आहे. शेजारी एक छोटा ट्रान्झिस्टर त्याच केंद्रावर लावावा. दोघांचा आवाज एकाच वेळी फाटत असेल तर जुन्या सेटला हात लावायचे कारण नाही.

आवाजाची वाट

रेडिओतच दोष आहे असे ठरले, की आत आवाज कसा तयार होतो हे समजून घ्यावे लागते. साध्या मेन्स सेटमध्ये चार-पाच व्हॉल्व्ह असतात. पहिला एरियलवरून आलेल्या लहरींतून हवे ते केंद्र पकडतो, दुसरा ते मोठे करतो, तिसरा त्यातून आवाज वेगळा काढतो आणि थोडा वाढवतो, चौथा म्हणजे आउटपुट व्हॉल्व्ह त्या आवाजात स्पीकर हलवण्याइतके बळ भरतो. पाचवा घरच्या एसी विजेची डीसी करतो. काही सेटमध्ये केंद्र बरोबर लागले का हे दाखवणारा हिरवा डोळाही असतो.

व्हॉल्व्हच्या काचेत तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात आणि अडीचशे व्होल्टच्या आसपास दाब असलेल्या प्लेटकडे धावतात. वाटेत ग्रिड नावाची बारीक तारेची जाळी असते. जाळी कॅथोडपेक्षा ऋण ठेवली की ती प्रवाह आवरते. आवाजाच्या चढउताराने तिचा दाब कमीजास्त झाला की प्रवाहही तसाच कमीजास्त होतो. अमेरिकेत ली द फॉरेस्टने १९०६ मध्ये ही जाळी बसवली आणि क्षीण आवाज मोठा करण्याची सोय झाली.

माजघरातला झोपाळा डोळ्यांसमोर आणावा. तो दोन भिंतींच्या मधोमध टांगलेला असेल तर दोन्हीकडे मोकळा झोका जातो. त्याच्या कड्या एका भिंतीजवळ सरकवल्या तर लहान झोका ठीक जाईल, मोठा झोका मात्र भिंतीवर आपटेल. ग्रिडवरचा ठरावीक ऋण दाब म्हणजे झोपाळ्याच्या कड्यांची जागा. ती सरकली की आवाजाच्या लहरीची एक बाजू चेपते. चेपलेल्या लहरीत मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे नको असलेले सूर मिसळतात. कानाला तोच फाटका आवाज वाटतो. लहान आवाजात ठीक आणि मोठ्या आवाजात फाटका, हे लक्षण असे येते.

खरा गुन्हेगार: एक लहानसा कंडेन्सर

तिसऱ्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरून आवाज चौथ्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर नेण्यासाठी मध्ये एक कंडेन्सर असतो. त्याने आवाजाचे चढउतार पुढे सोडायचे आणि प्लेटवरचा शंभरेक व्होल्टचा डीसी दाब अडवायचा. जुन्या काळी हा कंडेन्सर कागदाचा असे. धातूच्या पातळ पत्र्यांच्या दोन पट्ट्या, मध्ये तेला-मेणात भिजवलेला कागद, सगळे गुंडाळून टोकांना मेण किंवा डांबर. साठ वर्षांत त्या मेणाला भेगा जातात आणि कागद हवेतला ओलावा पितो. मग अडवायचा तो डीसी दाब थोडा थोडा झिरपू लागतो.

थोडा म्हणजे किती? समजा प्लेटवर १०० व्होल्ट आहेत, कंडेन्सरचा विरोध घसरून २० मेगओहमवर आला आहे आणि ग्रिडपासून चासीपर्यंत १ मेगओहमचा रेझिस्टन्स आहे. हिशेबाने ग्रिडवर पावणेपाच व्होल्ट धन दाब चढतो. ईएल ८४ या प्रसिद्ध आउटपुट व्हॉल्व्हला साधारण सात व्होल्ट ऋण दाब हवा असतो. त्यातला मोठा भाग हा झिरपा खाऊन टाकतो. झोपाळा भिंतीला टेकतो. व्हॉल्व्हमधून गरजेपेक्षा जास्त प्रवाह वाहतो, तो तापतो, त्या उष्णतेने कंडेन्सर आणखी झिरपतो. म्हणूनच आवाज सुरुवातीला बरा आणि दहा मिनिटांनी वाईट.

हे तसेच चालू ठेवले तर दुखणे पसरते. आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट लालबुंद होते, पाचव्या व्हॉल्व्हवर ताण येतो आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मरची केसासारखी बारीक तार जळते. कंडेन्सर अगदी थोड्या पैशांत मिळतो. ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून देणारा कारागीर शोधायला मात्र मुंबई-पुणे पालथे घालावे लागते. ‘फाटतोय, पण चालतोय ना’ म्हणून दिवसभर लावून ठेवलेला रेडिओ असा कायमचा गप्प होतो.

निदान कसे पक्के करावे?

इथे एक फसगत होते. तो कंडेन्सर काढून साध्या मीटरवर तपासला तर तो चांगला दिसतो. मीटरच्या आत काही व्होल्टचीच बॅटरी असते आणि तेवढ्या दाबाला कंडेन्सर दाद देत नाही. शंभर व्होल्ट पडले की झिरपतो. रायगडाच्या पायऱ्या चढताना ज्याच्या छातीत दुखते, त्याचा झोपून काढलेला ईसीजी कधी कधी अगदी सरळ येतो. दोष पाहायचा तर ट्रेडमिलवर चालवून पाहावे लागते. कंडेन्सरचेही तसेच. त्याची परीक्षा चालू रेडिओत, त्याच्या नेहमीच्या दाबाखाली व्हायला हवी.

जाणकार ती अशी करतो. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर चासीच्या तुलनेत डीसी दाब मोजतो. तिथे शून्य किंवा किंचित ऋण आकडा हवा. धन आकडा आला तर दोन संशयित उरतात, कंडेन्सर आणि खुद्द व्हॉल्व्ह. सेट बंद करून कंडेन्सरचे एक टोक सोडवायचे आणि पुन्हा मोजायचे. धन दाब गेला तर कंडेन्सर दोषी. दाब कायम राहिला तर व्हॉल्व्हच्या आत वायू शिरला आहे किंवा ग्रिडच इलेक्ट्रॉन सोडू लागली आहे. मग व्हॉल्व्ह बदलावा. एवढ्या एका मापाने अंदाजाचा खेळ संपतो.

नवा कंडेन्सर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलीनचा, तेवढ्याच क्षमतेचा आणि ६३० व्होल्टचा घालावा. खरे तर माळ्यावरून उतरलेल्या सेटमध्ये हा कंडेन्सर पहिल्यांदा वीज देण्याआधीच बदलणे शहाणपणाचे. त्याच्या खरेपणाची परीक्षा घेताना जुना व्हॉल्व्ह कशाला पणाला लावायचा?

त्यानंतर बाकीच्यांची पाळी. आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोडजवळचा छोटा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर शॉर्ट झाला असेल तर ऋण दाब नाहीसा होऊन हेच लक्षण दिसते. तिसऱ्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचा रेझिस्टन्स वयाने आणि ओलाव्याने वाढत जातो. एक लाखाचा दोन-तीन लाख ओहम झाला की व्हॉल्व्हची उपासमार होते आणि आवाज चेपतो. एव्हीसीच्या ओळीतला गळका कंडेन्सर असेल तर जोरदार केंद्रे फाटतात. स्पीकरची परीक्षा त्याच्या जागी दुसरा स्पीकर तात्पुरता जोडून होते. सेट बंद असताना पडदा दोन्ही हातांच्या बोटांनी हलकेच आत-बाहेर करून घासतो का, हेही कळते. बारीक फाट असेल तर पातळ कागद आणि थोडा डिंक पुरतो. कॉइलच घासत असेल तर पुढचे काम कारागिराचे. एका वेळी एकच भाग बदलावा आणि प्रत्येक बदलानंतर ऐकावे. चार भाग एकदम बदलले आणि रेडिओ सुधारला, तर कशाने सुधारला ते कळत नाही. बिघडला, तर मुळीच कळत नाही.

कोकणची हवा आणि पुराचे पाणी

महाड-पोलादपूर परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, चपलांना बुरशी येते, तर माळ्यावरच्या कागदी कंडेन्सरची काय कथा? ट्रान्सफॉर्मरच्या तारांवरची वेष्टणे, स्पीकरचा कागदी पडदा, व्हॉल्व्हच्या बैठकीतल्या पट्ट्या, सगळ्यांत ओल शिरते. गणपतीत उतरवलेला सेट त्या वेळी वर्षातला सर्वांत दमट असतो आणि नेमका तेव्हाच तो थेट पिनेला लागतो. तो उतरवून, मागचा पुठ्ठा मोकळा करून कोरड्या जागी ठेवावा आणि दुरुस्ती दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करावी.

पुरात बुडालेल्या सेटची गोष्ट आणखी वेगळी. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरले, तेव्हा अनेकांचे जुने सामान चिखलात गेले. असा सेट वरून वाळलेला दिसला तरी वीज देऊ नये. गाळातले क्षार आत राहतात आणि पुन्हा ओल धरतात. स्पीकरच्या चुंबकाच्या फटीत गंज आणि माती बसते. त्यामुळे पडदा घासतो आणि आवाज लहान पातळीलाही फाटतो. असा सेट पूर्ण उघडून, साफ करून, ट्रान्सफॉर्मरचे वेष्टण तपासूनच पुढे जावे.

जीव आधी, आवाज नंतर

व्हॉल्व्हच्या रेडिओत अडीचशे-तीनशे व्होल्टचा डीसी दाब असतो. पिन काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये तो काही काळ राहू शकतो. मेन्सची वीज तर असतेच. शरीरातून साधारण १ मिलिअँपिअर प्रवाह गेला तर मुंग्या जाणवतात. १० ते २० मिलिअँपिअरला स्नायू आवळून हात सुटत नाही. ५० मिलिअँपिअरच्या पुढे प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरू शकते. घामेजल्या, ओल्या त्वचेवर शरीराचा विरोध हजार ओहमपर्यंत उतरतो. मग २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअरचा हिशेब होतो. पावसाळ्यात ओल्या फरशीवर उघड्या पायांनी बसून केलेली दुरुस्ती म्हणजे या हिशेबाला आमंत्रण.

सगळ्यांत फसवे सेट म्हणजे एसी-डीसी दोन्हींवर चालणारे. त्यांचे व्हॉल्व्ह बहुधा ‘यू’ अक्षराने सुरू होतात, यूसीएच, यूएल, यूवाय असे. यांत मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नसतो. विजेची एक तार थेट लोखंडी चासीला जोडलेली असते. दोन काड्यांची पिन उलटी बसली की सगळी चासी जिवंत होते. बटणाचे प्लास्टिक निघाले असेल तर आतला दांडा किंवा स्क्रूसुद्धा झटका देतो. एरियलच्या वाटेतला जुना कंडेन्सर गळका असेल तर अंगणातल्या आंब्याला बांधलेल्या एरियलच्या तारेतही वीज येऊ शकते. अशा सेटच्या मागच्या पिकअप सॉकेटला मोबाइल जोडून गाणी वाजवण्याची हौस तर मुळीच करू नये. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर असा सेट उघडू नये.

बाकी नियम साधे आहेत. पिन काढल्याशिवाय आत हात नाही. मोठा कंडेन्सर पेचकसाने शॉर्ट न करता दहा हजार ओहम, पाच वॅटच्या रेझिस्टन्समधून काही सेकंद रिकामा करावा आणि मीटरवर शून्य पाहूनच पुढे जावे. पहिल्यांदा वीज देताना ६० वॅटचा जुन्या तारेचा बल्ब मालिकेत जोडावा. तो पेटून मंद झाला तर ठीक, पूर्ण उजेडाने जळत राहिला तर आत शॉर्ट आहे. हा बल्ब रेडिओला वाचवतो, माणसाला नाही, हे लक्षात ठेवावे. चालू सेटवर मोजताना एक हात पाठीमागे ठेवण्याची जुन्या मेकॅनिकांची सवय शास्त्रशुद्ध आहे. त्यामुळे एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात प्रवाह जाण्याची वाट बंद होते. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असावी, पण दोन्ही तारांना एकाच वेळी हात लागला तर तीही वाचवत नाही. हे काम एकट्याने कधी करू नये.

कुणाला झटका बसून तो चिकटला तर आधी मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर करावे. हाक मारूनही प्रतिसाद नाही, श्वास नीट नाही, असे दिसले तर १०८ ला फोन लावून लगेच छातीवर दाब सुरू करावा. छातीच्या मधोमध, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. झटक्यानंतर भोवळ, छातीत दुखणे, धडधड किंवा भाजल्याची खूण असेल, किंवा गर्भवतीला झटका बसला असेल, तर बरे वाटत असले तरी रुग्णालयात जाऊन ईसीजी काढावा.

धुळीचाही विचार हवा. माळ्यावरच्या पेटीत उंदरांची घाण, बुरशी आणि झुरळे असतात. दमा असलेल्याने ती झाडू नये. इतरांनी मास्क आणि हातमोजे घालून, मोकळ्या हवेत, ओलसर फडक्याने साफ करावी. काही सेटमध्ये गरम व्हॉल्व्हच्या वर अॅस्बेस्टॉसचा करडा तुकडा असतो, तो खरवडू नये. डागकामाच्या कथलात शिसे असते, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. राळेच्या धुराने दम्याची उबळ येऊ शकते. लहान मुले जवळ नसावीत.

आणि दोष कानाचा असेल तर?

रेडिओ दुरुस्त झाला, तरुणांना आवाज स्वच्छ येतो, पण ज्यांच्यासाठी खटाटोप केला ते आजोबा म्हणतात, “अजून फाटतोय.” ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये.

वयाने आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी झिजतात आणि आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, च, फ, थ यांसारखी व्यंजने याच पट्टीत असतात. त्यामुळे आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. आवाज वाढवावा तर दुसरीच अडचण. झिजलेल्या कानाला हळू आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा मोठा होताच तो कर्कश, फाटका वाटतो. मध्यम लहरींच्या प्रसारणात उंच सूर आधीच कमी असतात, त्यामुळे हा त्रास रेडिओवर अधिक जाणवतो. औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या गोंगाटात वर्षे काढलेल्यांना तो वयाच्या आधीच येतो. मधुमेह असणाऱ्यांनीही कान तपासून घ्यावेत.

घरातली परीक्षा सोपी आहे. तोच रेडिओ, तेच केंद्र, तोच आवाज, आणि ऐकणारे दोघे. एकाला स्वच्छ आणि दुसऱ्याला फाटका येत असेल तर पेचकस खाली ठेवावा. समोर बसलेल्या माणसाचे बोलणेही अस्पष्ट येते का, एका कानाने जास्त की दोन्हींनी, कानात आवाज होतो का, हे विचारावे. कधी कधी कानात साठलेला मळ काढला तरी फरक पडतो. तो काडीने किंवा तेल ओतून काढू नये, डॉक्टरांकडून काढावा. श्रवणचाचणीसाठी कुठे जायचे हे जवळच्या सरकारी रुग्णालयात विचारावे. श्रवणयंत्राला लाजू नये.

एक गोष्ट मात्र तातडीची. एका कानाचे ऐकणे एक-दोन दिवसांत अचानक कमी झाले, तर वयाचा दोष म्हणून थांबू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. या आजारात उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर ऐकणे परत येण्याची शक्यता अधिक असते. रेडिओचा कंडेन्सर पुढच्या वर्षीही बदलता येतो. गेलेल्या केसपेशी पुन्हा येत नाहीत.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी दुसऱ्या कानाने ऐकावे, मग शेजारी ट्रान्झिस्टर लावावा, मग दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा पाहावे. एवढे करूनही संशय पेटीवरच राहिला तर पिन काढून, सेट वाळवून, जाणत्या हातात द्यावा आणि सगळ्यात आधी तो छोटा कागदी कंडेन्सर बदलायला सांगावा.